परसातला सोनेरी टोमॅटो

सोनेरी टोमॅटो पिकला की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. लाल टोमॅटोचं बरं असतं. आधी हिरवा, मग पांढुरका, मग बुडाशी गुलाबी झाक, आणि एके दिवशी पानांच्या गर्दीतूनही तो लांबून दिसतो. पिवळा मात्र हिरव्याचा पिवळा होतो आणि मग पिवळ्याचा आणखी गडद पिवळा होत राहतो. यात नेमका कधी तो खायला झाला, हे रंग सांगत नाही. हात लावावा लागतो. फळ तळव्यावर पेलायचं, बुडाजवळ अंगठ्याने अगदी हलकं दाबायचं. गर जरासा दबला आणि फळ वर उचलताच देठाच्या गाठीपाशी सुटून हातात आलं, की समजायचं.

माझ्या बागेत दर हंगामात टोमॅटोची जी रोपं असतात, त्यांतली निम्मी तरी याच जातकुळीची असतात. मोठी, चपटी, खांद्यांवर चुण्या पडलेली, आडवी कापली की सगळा गरच गर दिसणारी सोनेरी बीफस्टेक फळं. आणि तीही सरळ वाणांची, पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बियाण्यावर चालत आलेल्या, ज्यांना हेअरलूम म्हणतात त्या वाणांची. एवढा खटाटोप कशाला, असं लोक विचारतात. गोल, लाल, एकसारखी फळं देणारं संकरित बियाणं लावलं तर कमी कष्टात जास्त टोमॅटो मिळतात. मिळतात, यात वाद नाही. पण हा हिशेब बाजाराचा आहे, आणि सोनेरी बीफस्टेकमध्ये जे जे आहे ते त्या हिशेबात जवळजवळ सगळं दोष म्हणूनच मांडलं जातं. मला या टोमॅटोची ओढ लागली ती हे दोष एकेक करून समजून घेताना.

रंगापासूनच सुरुवात करू. टोमॅटो लाल होतो तो लायकोपीनमुळे. फळ पिकू लागलं की एक विकर (एन्झाइम), फायटोईन सिंथेज त्याचं नाव, रंगद्रव्यांच्या साखळीतली पहिली महत्त्वाची पायरी घडवून आणतं, आणि तिथून पुढे एकेक पायरी चढत लायकोपीन तयार होतं. पिवळ्या टोमॅटोत या विकराचं फळातलं जनुक निकामी झालेलं असतं. पहिलीच पायरी मोडलेली, त्यामुळे लायकोपीन जवळपास बनतच नाही. नारिंगीकडे झुकणाऱ्या सोनेरी वाणांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांतल्या काहींमध्ये टँजरिन नावाचा जनुकबदल असतो. तिथे साखळी बरीच पुढे जाते, पण लायकोपीनच्या अलीकडे, प्रोलायकोपीनपाशी थांबते, आणि प्रोलायकोपीन नारिंगी दिसतं. आणखी काहींमध्ये बीटा नावाचा बदल असतो. त्यांच्यात लायकोपीन बनतं, पण तिथेच न थांबता त्याचं पुढे नारिंगी बीटा कॅरोटीन होतं. सालीचा हिशेब आणखी निराळा. सालीत नॅरिंजेनिन चाल्कोन नावाचं पिवळं द्रव्य असतं. पिवळ्या गरावर पिवळी साल असली तर फळ सोनेरी दिसतं, आणि तोच गर रंगहीन सालीत असला तर फळ अगदी फिकट, पांढुरक्या पिवळ्या रंगाचं होतं. म्हणजे टोपलीत शेजारी शेजारी ठेवलेले दोन सोनेरी टोमॅटो अगदी वेगवेगळ्या कारणांनी सोनेरी असू शकतात. हे कळल्यापासून मी फळ कापलं की आधी साल सोलून बघते. साल उजेडात धरली की ती पिवळी आहे की काचेसारखी, ते लगेच दिसतं.

आणि पिवळा रंग ही काही अलीकडची हौस नव्हे. टोमॅटोचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातलं. माणसाने तो मोठा केला, जोपासला तो मुख्यतः मेक्सिकोच्या परिसरात. तिथून तो युरोपात गेला. इटलीतले वैद्य पिएत्रो आंद्रेया मात्तिओली यांनी १५४४ मध्ये केलेलं टोमॅटोचं वर्णन हे युरोपातल्या सर्वांत जुन्या लेखी वर्णनांपैकी एक. त्यात आधी हिरव्या आणि पिकल्यावर सोनेरी होणाऱ्या फळाबद्दल लिहिलं आहे. लाल फळाचा उल्लेख नंतरच्या आवृत्तीत येतो. सोनेरी टोमॅटोला विचित्र म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता आकार. रानटी टोमॅटोचं फळ बोराएवढंही नसतं आणि आडवं कापलं तर त्यात दोनच कप्पे दिसतात. बीफस्टेकमध्ये कप्पे मोजत बसावं लागतं, कधी कधी ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की मोजताही येत नाहीत. कळी घडत असताना तिच्या टोकावरच्या वाढणाऱ्या पेशींना आता पुरे असं सांगणारा एक संकेत असतो. या वाणांमध्ये तो संकेत सैल पडलेला असतो. पेशी वाढत राहतात, कळीचं टोक रुंद होतं, आणि जिथे दोन कप्प्यांचा पाया पडायचा तिथे आठ-दहांचा पडतो. त्यामुळेच या झाडांवर, विशेषतः पहिल्या घोसात, दोन-तीन फुलं एकत्र जुळल्यासारखं एखादं जाडजूड फूल येतं. त्या दिवसांत रात्री गार असतील तर त्या फुलाचं फळ हमखास वेडंवाकडं होतं. बुडाला व्रण, घड्या, मध्येच खड्डा. अनेक जाणकार असं फूल खुडून टाकायला सांगतात, म्हणजे झाडाची ताकद पुढच्या फळांना मिळते. मला ते पटत नाही. रोप अजून लहान आणि किरकोळ असेल तर खुडावं, पण रोप सशक्त असेल तर ते फळ ठेवावं. हंगामातलं सर्वांत मोठं फळ बहुतेक वेळा तेच असतं. व्रणाचा भाग सुरीने काढून टाकला की उरलेला गर इतर कुठल्याही फळाइतकाच चांगला लागतो.

तिसरा दोष हिरव्या खांद्यांचा. कितीतरी जुन्या वाणांची कच्ची फळं देठाभोवती गडद हिरवी आणि खाली फिकी असतात. पिकल्यावरही खांदे जरा हिरवट, जरा कडक राहतात. विसाव्या शतकात पैदासकारांनी एकसारखी फिकट हिरवी राहून एकसारखी पिकणारी फळं निवडत नेली, कारण तोडणी केव्हा करायची ते त्यामुळे सोपं झालं आणि पेटीत फळं देखणी दिसू लागली. २०१२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं. कच्च्या फळात हरितद्रव्याची केंद्रं वाढवणं, आणि त्यातून पिकलेल्या फळात साखर वाढवणं, हे त्या जनुकाचं काम. सगळ्याच जुन्या वाणांना हिरवे खांदे असतात असं नाही, आणि नुसते खांदे हिरवे म्हणून फळ गोड असंही नाही. पण कच्च्या फळावर तो गडद हिरवा पट्टा दिसला की मला आनंद होतो.

अशी फळं टिकली ती माणसांमुळे. केलॉग्ज ब्रेकफस्ट हे प्रचंड मोठं नारिंगी-सोनेरी वाण मिशिगनमधल्या डॅरेल केलॉग यांच्या बागेतून पुढे आलं. लिलियन्स यलो हे टेनेसीतल्या लिलियन ब्रूस यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याची फळं उशिरा येतात आणि त्यांत बिया फारच कमी असतात. खाणाऱ्याला हे सुखाचं, पण बी विकणाऱ्याला अजिबात परवडणारं नाही. डॉक्टर वाइच्स यलो हे ओक्लाहोमातले दंतवैद्य जॉन वाइच यांनी जपलेलं. सर्कशीशी त्यांचा संबंध होता आणि बागेला ते हत्तींची लीद घालत, असं सांगितलं जातं. ही गोष्ट मला फार आवडते. ही सगळी बियाणी आज आपल्यासारख्यांच्या हाती पोचतात त्यात १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या सीड सेव्हर्स एक्स्चेंजसारख्या संस्थांचा मोठा वाटा आहे. घरोघरचं बी एकमेकांना टपालाने पाठवायचं, एवढंच त्यांचं सुरुवातीचं काम. पण त्या संस्थांच्याही आधी प्रत्येक वाणामागे कुणीतरी एक माणूस असतो, ज्याला आपल्या परसातलं एक फळ इतरांपेक्षा जास्त आवडलं आणि ज्याने त्याचं बी टाकून दिलं नाही.

लावण्याबद्दल आता. बी थंडी सरण्याच्या आधी सहा ते आठ आठवडे घरात, ट्रेमध्ये किंवा छोट्या कुंड्यांत पेरावं. २१ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मिळालं तर आठवडाभरात उगवतं. उगवल्याबरोबर उजेड हवा, नाहीतर रोपं उंच आणि लेचीपेची होतात. बाहेर लावताना रोप खोल लावायचं, खालची पानं काढून खोडाचा निम्माअधिक भाग मातीत जाईल इतकं खोल. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळ्या फुटतात, आणि बीफस्टेकला त्या सगळ्या लागतात. दोन रोपांत दीड-दोन हात जागा सोडावी. गर्दी झाली की पानं सुकत नाहीत आणि करपा येतो. जुन्या वाणांना रोगांपुढे संकरितांइतकी ताकद नसते. म्हणून मातीवर पेंढ्याचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन हवंच. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतला करपा खालच्या पानांवर चढतो, तो आच्छादनाने बराच अडतो.

आधार मी रोप लावतानाच रोवते. ही झाडं वाढायची थांबत नाहीत. माणसाच्या उंचीच्या वर सहज जातात. अर्ध्या किलोचं एक फळ, तशी तीन एका घोसाला, असे घोस वर वर चढत जाणार. बारीक काठी हे वजन पेलत नाही. जाड बांबू किंवा लोखंडी कांब, दर वीतभर अंतरावर सुती पट्टीने बांधलेली सैल गाठ, आणि भारी घोसाला खालून वेगळी झोळी. जुन्या सुती कपड्याची झोळी उत्तम. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणाऱ्या फुटी, मी पहिल्या घोसाच्या खालच्या सगळ्या काढते, वरच्यांपैकी एखादी ठेवते. पानं मात्र फार काढू नयेत. फळाला ऊन मिळावं म्हणून पानं खुडण्याची सवय अनेकांना असते, पण टोमॅटो पिकायला ऊन लागतच नाही, ऊब लागते. उघड्या पडलेल्या फळावर कडक उन्हात पांढरा, कागदासारखा डाग पडतो, आणि सोनेरी फळावर तो आधी लक्षातही येत नाही.

पाण्याच्या बाबतीत हा टोमॅटो फार हळवा आहे. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी भरपूर, असं झालं की मोठं फळ तडकतं. कधी देठाभोवती गोल रेषा उमटतात, कधी देठापासून खाली उभी भेग जाते. बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमिततेमुळेच. तो कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो हे खरं, पण ती कमतरता सहसा मातीत नसून फळात असते. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पाणी खंडलं की वाढत्या फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. म्हणून बुंध्याशी अंड्याची टरफलं टाकून या हंगामातले डाग थांबत नाहीत. टरफलं विरघळायला फार काळ लागतो. नियमित, खोल पाणी आणि जाड आच्छादन, हाच त्यावरचा उपाय.

फुलं गळतात तेव्हा माणूस खचतो. दिवसा पारा ३२ अंशांच्या वर राहू लागला, किंवा रात्री फार गार किंवा फार उकाड्याच्या झाल्या, की पराग निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीतून गळून पडतं. बीफस्टेकला हा त्रास लहान फळांच्या वाणांपेक्षा जास्त होतो. हवा ठीक असेल तर मात्र थोडी मदत करता येते. टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात आणि थरथर झाली की बाहेर पडतात. बंबलबीसारख्या काही रानमाश्या फुलाला धरून पंखांचे स्नायू कंपित करतात आणि पराग झाडतात. मधमाशीला ही कला येत नाही. वारा नसेल त्या दिवशी सकाळी उशिरा घोसाच्या देठावर बोटाने टिचकी मारायची. ऊन चांगलं असेल तर धुरळ्यासारखे उडणारे पराग दिसतातसुद्धा.

मग येतो तो काळ, ज्याबद्दल मी सुरुवातीला बोलले. आमच्या घरी यातली खरी जाणकार आई. मी फळ खुडायला गेले की ती मागून म्हणते, ‘अगं, खांदे बघू नकोस. बूड बघ.’ तिचं बरोबर आहे. फळ बुडाकडून पिकत वर येतं आणि खांदे सगळ्यांत शेवटी, कधी कधी तर येतच नाहीत. खांदे पूर्ण सोनेरी होईपर्यंत थांबलं तर बूड पिठूळ होऊन जातं. पाऊस यायचं लक्षण असेल तर मी बुडाशी पिवळी झाक आलेली फळं सरळ तोडून घरात आणते. त्या टप्प्यावर फळात इथिलीन वायू तयार होऊ लागलेला असतो आणि पुढचं पिकणं ते स्वतःच करतं. ‘झाडावर पूर्ण पिकवलेलाच खरा’ हा हट्ट मी धरत नाही. भरल्या पावसात तडकलेल्या फळापेक्षा फळीवर पिकलेलं फळ केव्हाही चांगलं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. बारा अंशांच्या खाली टोमॅटोतली सुवासाची द्रव्यं बनणं मंदावतं आणि बाहेर काढल्यावरही तो वास पुरता परत येत नाही.

उन्हाळ्याच्या तडाख्यात आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. तीस अंशांच्या वर लायकोपीन बनणं अडतं, कॅरोटीन मात्र बनत राहतं. त्यामुळे लाल वाणांची फळं त्या दिवसांत नारिंगी, डागाळलेली दिसतात. सोनेरी फळाला मुळात लायकोपीनची वाटच पाहायची नसते. शेजारचे लाल निस्तेज झाले तरी ते आपलं सोनेरी.

चवीबद्दल एक समज इतका पसरला आहे की तो खोडणं मला गरजेचं वाटतं. पिवळा टोमॅटो कमी आंबट, म्हणून पोटाला सौम्य, असं सर्रास सांगितलं जातं. रंगावरून आम्लता ठरत नाही. अनेक सोनेरी वाणांत साखर आणि आम्ल यांचा तोल साखरेकडे असतो, सुवासाची द्रव्यंही वेगळी असतात, कारण त्यांतली काही रंगद्रव्यांच्याच विघटनातून तयार होतात. म्हणून जिभेला तो गोड लागतो. आम्ल असतंच. उलट, बाटलीत भरून टिकवताना कुठल्याही रंगाच्या टोमॅटोत वरून लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालावंच, कारण पीएच (आम्लतेचं माप, तो जितका जास्त तितकं आम्ल कमी) ४.६ च्या वर गेला तर घातक जिवाणूंचा धोका असतो आणि काही टोमॅटो त्या सीमेच्या फार जवळ असतात. खायचा असेल तर ताजा, आडवा, बोटभर जाड काप करून. मीठ घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं. पहिला काप मी नेहमी बिनमिठाचा खाते.

राहिलं बी. सरळ वाणाचं बी धरून ठेवण्यात मोठी सोय ही की टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे पुढची पिढी आधीच्या पिढीसारखीच निघते. पण मोठ्या फुलांच्या काही जुन्या वाणांमध्ये कुक्षी, म्हणजे फुलाचं पराग झेलणारं टोक, परागकोशाच्या नळीबाहेर डोकावते, आणि तिथे माशी शेजारच्या झाडाचा पराग आणू शकते. म्हणून बीसाठी ठेवायच्या घोसावर कळ्या उमलायच्या आधीच मलमलीची छोटी पिशवी बांधते, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा गुंडाळते. दोरा असलेलं फळ घरात कुणी खायचं नाही.

बी कुठल्या झाडाचं ठेवायचं हा निर्णय सर्वांत अवघड, आणि तो फळाकडे बघून करायचा नसतो. एका झाडावर एखादंच भलंमोठं फळ आलं म्हणून त्याचं बी ठेवलं, तर ते झाड एकूण कसं होतं हे विसरलं जातं. करपा कुणाला उशिरा लागला, उकाड्यात फुलं कुणी धरून ठेवली, फळं कुणाची कमी तडकली, आणि अर्थात चव, हे सगळं पाहावं. फळ चांगलं मऊ होईपर्यंत पिकू द्यायचं, बी गिळगिळीत द्रवासकट बरणीत काढायचं, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवायचं. वर पांढरी बुरशीची साय येते आणि वासही येतो, पण बियांभोवतीचं उगवण रोखणारं आवरण त्याने सुटतं. मग भरपूर पाण्यात धुवायचं. भरीव बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं. चिनी मातीच्या बशीवर पसरून सावलीत सुकवायचं. कागदावर पसरलं तर ते असं चिकटतं की निघत नाही. थंड, कोरड्या जागी हे बी चार-पाच वर्षं तरी चांगलं उगवतं.

पाकिटावर मी वाणाचं नाव आणि साल लिहिते, आणि खाली झाडाबद्दल एक ओळ. एक पाकीट घरात राहतं, दुसरं दुसऱ्या कुणाच्या तरी बागेत जातं, कारण एका बागेवर उंदीर, पूर किंवा रोग यांपैकी काहीही येऊ शकतं. यंदा एका झाडाची फळं लवकर आली आणि भरपूर आली. त्याच्या शेजारच्याने अगदी शेवटी थोडीच दिली, पण ती चवीला सरस होती. आईचं मत लवकरच्या झाडाकडे, माझं उशिराच्या. दोघांचंही बी वेगवेगळं ठेवलं आहे. पुढच्या हंगामात ते एकाच वाफ्यात, सारखंच खत आणि सारखंच पाणी देऊन शेजारी शेजारी लावणार आहोत.